ट्रबल: ढवळलेल्या पाण्याची कुळकथा

पहिल्या पावसात ओढ्याला चहाच्या रंगाचं पाणी येतं. नळ नव्हते तेव्हा बायका तेच पाणी हंड्या-कळशांतून भरून आणत, पण लगेच कुणी ते तोंडाला लावत नसे. निवळीची बी घ्यायची, मातीच्या घागरीच्या आतल्या अंगाला घासायची, वर पाणी ओतायचं आणि घागर कोपऱ्यात ठेवून द्यायची. तिला कुणी हात लावायचा नाही. काही वेळाने गाळ तळाशी बसे आणि वर नितळ पाणी राही. निवळीचं झाड कुचल्याच्या कुळातलं, संस्कृतात त्याला कतक म्हणतात. मराठीने हे निवळणं घागरीपुरतं ठेवलं नाही. आभाळ निवळतं, रडून झाल्यावर मन निवळतं, भावाभावांतलं भांडण निवळतं, दंगलीनंतर आठ दिवसांनी शहरातलं वातावरण निवळतं.

इंग्रजीतला ट्रबल हा शब्द याच घागरीतला आहे, फक्त गाळ वर येण्याच्या बाजूचा. लॅटिनमध्ये तुर्बिदुस म्हणजे गढूळ. त्याच्यामागे तुर्बा, म्हणजे गोंधळ, गलका, आणि गलका करणारी माणसांची गर्दी. तुर्बिदुसवरून गढूळ करणं, ढवळणं या अर्थाचं क्रियापद झालं आणि बोलीतल्या लॅटिनमधून ते जुन्या फ्रेंचमध्ये उतरलं. उतरताना त्यातल्या ‘र’ने जागा बदलली, ‘तुर्ब’चं ‘त्रुब’ झालं. आपल्याकडे खेड्यात नुकसानाचं नुसकान होतं ना, तसंच. १०६६ मध्ये नॉर्मन इंग्लंडमध्ये आले, त्यांच्यामागून पुढची दोन-तीन शतकं फ्रेंच शब्दांची रीघ लागली आणि तेराव्या शतकात ट्रबल इंग्रजी लिखाणात रुजलेला दिसतो.

तुर्बा या एका मुळाला किती फांद्या फुटल्या ते बघण्यासारखं आहे. डिस्टर्ब त्यातलाच, विमानात बसल्यावर ऐकू येणारा टर्ब्युलन्स त्यातलाच. पाणीपुरवठा केंद्रावर रोज पाण्याची टर्बिडिटी मोजतात, तीही ट्रबलची सख्खी बहीण. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची टर्बिडिटी १ एककापर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यावी. भोवऱ्याला लॅटिनमध्ये तुर्बो म्हणत, खेळातल्या भोवऱ्यालाही आणि वावटळीलाही. मराठीतही भोवरा पोरांच्या हातात असतो आणि नदीतही असतो. त्या तुर्बोवरून १८२२ मध्ये क्लोद बुर्दँ या फ्रेंच अभियंत्याने पाण्याने फिरणाऱ्या चाकाला टर्बाइन हे नाव दिलं. कोयनेच्या पोफळीत डोंगराच्या पोटात टर्बाइनं फिरतात, तेव्हा भोवऱ्याचं ते जुनं नाव तिथेही फिरत असतं.

मला सगळ्यांत विलक्षण वाटते ती तुर्बा आणि गर्दी यांची जोडी. आज गर्दी म्हणजे माणसांची दाटी, लोकल गाडीतली, जत्रेतली. पण जुन्या मराठीत गर्दी म्हणजे धुमाकूळ, उलथापालथ. एखाद्याला गर्दीस मिळवलं म्हणजे त्याची धूळधाण केली. फारसीत गर्दीदन म्हणजे फिरणं, उलटणं. पानिपतावर १७६१ मध्ये जे घडलं ती भाऊगर्दी, आणि १८५७ च्या उठावाला जुनी माणसं शिपाईगर्दी म्हणत. कालांतराने धुमाकूळ गळून गेला आणि माणसांची दाटी तेवढी शब्दात उरली. लॅटिनच्या तुर्बात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. रोममधल्या माणसाला आणि पुण्यातल्या माणसाला एकमेकांची गाठही पडलेली नाही, तरी खूप माणसं एका ठिकाणी जमली की काहीतरी उलटंपालटं होतं हा अनुभव दोघांनी एकेका शब्दात साठवून ठेवला.

ढवळण्याचंही तसंच. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं याला मराठीत शब्द आहे ढवळाढवळ. मन अस्वस्थ झालं की ते डहुळतं, आणि डहुळणं म्हणजे तळाचा गाळ वर येऊन पाणी गढूळ होणं. खळबळ हा तर पाण्याचा आवाजच आहे, पण वर्तमानपत्रात ती रोज ‘उडते’. गावातलं वातावरण गढूळ होतं. म्हणजे मराठीपाशी ट्रबलचं चित्र जसंच्या तसं होतं. तरी इंग्रजी-मराठी कोशात ट्रबल काढला की समोर पहिल्याने येतो तो त्रास, आणि त्रासाचं घर अगदी वेगळं आहे.

संस्कृतात त्रस् म्हणजे थरथरणं, भिणं. त्रास म्हणजे भीती. लॅटिनमधलं भिवविणं या अर्थाचं तेर्रेरे त्याच कुळातलं, आणि त्यावरून इंग्रजीत टेरर आला. आपण ‘डासांचा फार त्रास आहे’ म्हणतो तेव्हा नकळत टेररचा चुलतभाऊ वापरत असतो. जैन विचारात मात्र हा शब्द अजून आपल्या मूळ अर्थाजवळ आहे. तिथे जीवांचे दोन वर्ग, स्थावर आणि त्रस. झाड जागचं हलत नाही म्हणून ते स्थावर, आणि भ्यायल्यावर हलू शकणारे, दूर पळू शकणारे ते त्रस. मराठीने शब्दातली भीती काढून टाकली आणि मागे कटकट ठेवली. त्रस्त या रूपात मात्र जुन्या भीतीचा थोडा कंप राहिला आहे. ‘दुष्काळाने त्रस्त’ म्हणताना घशात काहीतरी दाटतं, ते ‘डासांचा त्रास’ म्हणताना दाटत नाही.

समानार्थी शब्दांची यादी करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पीटर मार्क रॉजे हा डॉक्टर, त्याने १८०५ मध्ये स्वतःपुरती शब्दांची वही केली आणि १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, १००० शीर्षकांखाली इंग्रजी शब्द लावून आपला थिसॉरस छापला. अर्थानुसार शब्द लावण्याचं हे काम आपल्याकडे अमरसिंहाने शेकडो वर्षं आधी केलं होतं आणि रॉजेने आपल्या प्रस्तावनेत अमरकोशाची नोंदही घेतली आहे. अमरकोशात पीडा, बाधा, व्यथा, कष्ट, कृच्छ्र हे शब्द कोणत्या वर्गात येतात? नरकवर्गात. अमरसिंहाने यातनेचा पत्ता नेमका लिहून ठेवला. पण यादीत शेजारी बसवलेले शब्द सख्खे असतातच असं नाही. त्यांचे अर्थ जुळतात, जन्म जुळत नाहीत. आणि लिहिणाऱ्याला, विशेषतः भाषांतर करणाऱ्याला, जन्म ठाऊक नसला की शब्द हातातून सुटतो.

काही शब्द अरुंद वाटेवर जन्मले. संकट म्हणजे मुळात चिंचोळं, दाटलेलं. पाणिनीने संकट, प्रकट, उत्कट, विकट ही भावंडं एकाच प्रत्ययाने साधून दाखवली आहेत. घाटातली वाट संकट, दोन्ही बाजूंनी कडे दाबत आलेली. तिथे शत्रू गाठतो, तिथे बैल अडतो, म्हणून पुढे संकट म्हणजे धोका. त्याहून जुना वैदिक शब्द अंहस्, म्हणजे दुःख, कोंडी. त्याचा नातेवाईक अंहु, म्हणजे अरुंद. हेच मूळ लॅटिनमध्ये अंगुस्तुस, अरुंद, आणि त्यावरून इंग्रजीत अँग्विश म्हणजे तीव्र वेदना. अँग्झायटी, छातीत दाबल्यासारखं करणारा अँजायना, रागाचा अँगर, जर्मनांचा आंग्स्ट, सगळे याच अरुंद बोळातले. फारसीत तंग म्हणजे अरुंद, त्याची तंगी झाली आणि ती महिनाअखेरीस आपल्या घरी येते. कोंडी, कोंडमारा हे तर मराठीने स्वतःच घडवले. छाती दाटून येणं, श्वास कोंडणं या अनुभवाला कोणत्याही भाषेत दुसरी वाट सापडलेली दिसत नाही.

काही शब्द घासले गेले, रगडले गेले. रोमन शेतकऱ्याच्या खळ्यावर त्रिबुलुम नावाचं मळणीचं अवजार असे. जाड लाकडी फळी, खालच्या अंगाला गारगोटीचे किंवा लोखंडी दात ठोकलेले, वर वजन ठेवायचं आणि बैलांनी ती कणसांवरून ओढायची. व्हारो आणि प्लिनी या रोमन लेखकांनी तिचं वर्णन केलं आहे. स्पेनमध्ये आणि तुर्कस्तानात ती विसाव्या शतकातही वापरात होती. स्पेनमधलं कांतालेखो हे गाव अशा फळ्या बनवण्यासाठीच प्रसिद्ध होतं. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांत छळ सोसणाऱ्या माणसांनी आपल्या यातनेला या फळीचं नाव दिलं आणि इंग्रजीतला ट्रिब्युलेशन तिथून आला. आपल्याकडे मळणीला फळी नव्हती, तिवड्याभोवती बैलांची पात फिरे, पण माणूस परिस्थितीच्या पायाखाली तुडवला जातो, जात्यात भरडला जातो, चरकात पिळला जातो, हे आपणही म्हणतो. पिळवणूक हा शब्द त्या चरकातूनच निघाला.

आणि कष्ट? पाणिनीने हा शब्द कष् या धातूपासून साधला आणि त्याचे दोन अर्थ सांगितले: एक कृच्छ्र म्हणजे हाल, दुसरा गहन म्हणजे पाऊल न टाकता येण्याइतकं दाट. कष् म्हणजे घासणं. सोनाराच्या दगडावर सोनं घासतात तो कष, त्यावर उमटतो तो कस, तो दगड ती कसोटी, आणि विद्वानांच्या लेखनातला निकषही तोच. कष्ट आणि कसोटी एका आईची लेकरं. मला ही नोंद पहिल्यांदा सापडली तेव्हा कोश मिटून मी बराच वेळ बसून राहिले. तिकडे खळ्यावर घासलेलं धान्य, इकडे दगडावर घासलेलं सोनं, आणि दोन्हीकडून निघालेला शब्द माणसाच्या हालांचा.

कष्ट मराठीत आणखी एक पाऊल पुढे गेला. हिंदीत कष्ट म्हणजे दुःख, त्रास. मराठीत कष्ट म्हणजे कामही. ‘फार कष्टाळू आहे पोरगी’ असं आपण कौतुकाने म्हणतो. कष्टकरी हा शब्द मोर्चाच्या फलकावर आणि शिधापत्रिकेच्या रांगेत सारखाच शोभतो. मेहनतीचं तेच. अरबीत मिहना म्हणजे परीक्षा, आपत्ती. मराठीत येईपर्यंत तिचं घामात रूपांतर झालं. जुन्या इंग्रजीत हालांसाठी अर्फोथ असा शब्द होता. इंग्रजीने तो टाकून दिला, पण त्याचं जर्मन भावंड आर्बाइट आज जर्मनीत रोजच्या कामाचं नाव आहे. फ्रेंचांचा काम या अर्थाचा त्रावाय हाही आधी यातनेचा शब्द. ज्यांना राबल्याशिवाय जेवण नव्हतं त्या माणसांनी हे शब्द बोलून बोलून बदलवले. राजवाड्यातल्या बोलण्याने हे घडलं नसतं.

याच त्रावायच्या पोटी इंग्रजीत प्रवासाचा शब्द जन्मला, ट्रॅव्हल. मध्ययुगात घराबाहेर पडणं म्हणजेच हाल. मराठीत बरोबर उलटी वाट झाली. यातायात म्हणजे संस्कृतात जाणं-येणं. हिंदीत यातायात म्हणजे रहदारी. पण मराठी माणूस ‘दाखला काढायला केवढी यातायात पडली’ म्हणतो तेव्हा त्यात तालुक्याच्या गावचे हेलपाटे असतात, दुपारी जेवायला गेलेला कारकून असतो, ‘उद्या या’ असतं. इंग्रजीत यातना प्रवास झाली, मराठीत प्रवास यातना झाला.

तसदी हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी फार असे. ‘तुम्ही कशाला तसदी घेतलीत?’ असं ती दारात आलेल्या प्रत्येकाला म्हणे. अरबीतल्या ज्या शब्दावरून तो आला त्याचा अर्थ डोकं दुखवणं. म्हणजे आजी पाहुण्याला विचारत होती, माझ्यापायी डोकेदुखी कशाला ओढवून घेतलीत? इंग्रजीत टेक द ट्रबल म्हणतात त्याला मराठीत याहून नेमका शब्द नाही. ट्रबलच्या या बाजूला शिष्टाचार आहे, आर्जव आहे. त्रास तिथे चालत नाही. ‘एवढा त्रास घ्या’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी येते, ‘एवढी तसदी घ्या’ म्हटलं की तो उठून उभा राहतो.

हाल हा शब्दही अरबीच, अर्थ नुसता स्थिती. हालहवाल विचारताना, कामावर बहाल करताना तो अजून तटस्थ आहे. पण एकटा आला, अनेकवचनात आला की मराठीत त्याला एकच अर्थ, वाईट स्थिती. ‘त्याचे हाल झाले’ यात कुठलं विशेषण लागत नाही. स्थिती हाच शब्द वाईट स्थितीचा व्हावा, यामागे किती दुष्काळ, किती स्वाऱ्या गेल्या असतील? छळाची गोष्ट त्याहून बोचरी. संस्कृतात छल म्हणजे कपट. न्यायदर्शनात वादात प्रतिपक्षाच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ लावण्याला छल म्हणतात. हिंदीत अजून तोच अर्थ आहे. मराठीत छळ म्हणजे सतत, ठरवून दिलेली यातना, आणि ती बहुधा घरातली. ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये दंडसंहितेत आलं आणि ‘विवाहितेचा छळ’ हे शब्द मराठी वर्तमानपत्रात रोजचे झाले. कपटाचा अर्थ पूर्ण गेला असं मात्र मला वाटत नाही. लग्नात दिलेला शब्द मोडणं त्या छळात असतंच.

बायकांच्या बाबतीत दोन्ही भाषा सारख्याच वागल्या. अविवाहित मुलीला दिवस गेले की इंग्रजीत ती ‘इन ट्रबल’ असे. कुणामुळे, ते वाक्यात येत नसे. मराठीत महिन्याची पाळी म्हणजे अडचण. ‘मला अडचण आहे, मी देवाला शिवणार नाही.’ शरीराच्या साध्या धर्माला अडचण म्हणायला लावलं, आणि मुलींना तो शब्द कुजबुजत शिकवला. माझ्या पिढीतल्या किती जणींनी पाळी हा शब्द मोठ्याने उच्चारायला वीस-पंचवीस वर्षं घेतली ते मला माहीत आहे.

यंत्रं आली तशी ट्रबलला नवी घरं मिळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तार आणि टेलिफोनच्या तारांमधला बिघाड शोधत हिंडणाऱ्या कामगाराला ट्रबलशूटर हे नाव पडलं. आज तो शब्द संगणकाच्या मदतीच्या पानावर असतो. आपल्याकडे गाडीत ट्रबल येतो, हृदयाचा ट्रबल असतो, आणि तो पुल्लिंगी असतो, बहुधा त्रासाच्या ओळखीने.

आयर्लंडमधल्या एका कथेचं भाषांतर करताना मी एका वाक्यापाशी दोन दिवस अडले होते. मयताच्या घरी माणसं येतात, घरच्यांचा हात हातात घेतात आणि एवढंच म्हणतात: सॉरी फॉर युअर ट्रबल. आयर्लंडमध्ये सांत्वनाचे हे ठरलेले शब्द आहेत. आयरिश भाषेतल्या वाक्याचा शब्दशः अर्थ होतो, तुझा हा त्रास मला आवडत नाही. ‘दुःखात सहभागी आहोत’ लिहिलं तर ती जाहिरात झाली असती. ‘तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं’ लिहिलं तर वीज गेल्याबद्दल कंपनीने कळवल्यासारखं. शेवटी मी लिहिलं, ‘वाईट झालं हो.’ आमच्या गावाकडे ओसरीवर बसता बसता माणसं हेच म्हणतात आणि मग बराच वेळ कुणी काही बोलत नाही.

त्याच बेटावर ट्रबल अनेकवचनात गेला आणि इतिहासाचं नाव झाला. उत्तर आयर्लंडमध्ये १९६८-६९ पासून सुमारे तीस वर्षं जे चाललं त्याला सगळे द ट्रबल्स म्हणतात. ऑगस्ट १९६९ मध्ये ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरलं, ३० जानेवारी १९७२ ला डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि तेरा जण त्याच दिवशी मेले. १० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडेचा करार झाला. तोवर ३,५०० च्या आसपास माणसं गेली होती. याला युद्ध म्हणायचं तर दोन्ही बाजूंना सैनिकाचा दर्जा द्यावा लागतो, बंड म्हणायचं तर एक बाजू घ्यावी लागते. ट्रबल्स म्हटलं की स्वयंपाकघरातही बोलता येतं. मयताच्या घरी वापरायचा शब्दच लोकांनी त्या तीस वर्षांना दिला, यात मला काही लपवाछपवी दिसत नाही. त्यांच्याकडे दुःखासाठी तोच शब्द होता. आयरिश भाषेत ट्रबलला जो शब्द आहे, त्रिओब्लोज, तो मात्र ढवळलेल्या पाण्याचा नव्हे. तो लॅटिनच्या ट्रिब्युलेशनवरून आलेला, दात ठोकलेल्या त्या मळणीच्या फळीचा.

खवळलेल्या पाण्यावर तेल ओतणं असा इंग्रजीत वाक्प्रचार आहे, भांडण शमवणं या अर्थाचा. बीड या इंग्लंडमधल्या साधूने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात बिशप एडनने दिलेल्या तेलाने समुद्र शांत झाल्याची कथा आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपम इथल्या तळ्यावर ते करून बघितलं. चहाच्या चमच्याइतकं तेल, आणि सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे पाणी, आरशासारखं गुळगुळीत. १७७४ मध्ये त्याचा हा वृत्तान्त रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

पण पाणी ढवळणं नेहमी वाईटच, असं या शब्दाच्या सगळ्या घरांत मानत नाहीत. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, जेरुसलेममधल्या बेथेस्दा नावाच्या तळ्याची गोष्ट आहे. तळ्याकाठी आजारी, आंधळी, लुळी माणसं पडून असत. अधूनमधून देवदूत उतरून पाणी ढवळी आणि त्या ढवळलेल्या पाण्यात जो पहिला उतरे तो बरा होई. तिथे ढवळण्याला क्रियापद ट्रबल हेच आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे वाक्य नाही, म्हणून आधुनिक भाषांतरं ते गाळतात किंवा तळटीपेत टाकतात. पण अमेरिकेत गुलामीत जगलेल्या काळ्या माणसांपर्यंत ते आधीच पोचलं होतं. वेड इन द वॉटर हे त्यांचं भजन त्याच प्रतिमेवर उभं आहे: पाण्यात उतरा, देव ते ढवळणार आहे. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या गायकांच्या संग्रहात ते १९०१ मध्ये छापलं गेलं. सुखी माणसाला गढूळ पाण्याची भीती वाटते. या भजनातली माणसं त्याची वाट पाहत होती.

त्याच फिस्क विद्यापीठात पुढे जॉन लुइस शिकला. अलाबामातल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९४०. आईवडील सांगत, गोऱ्यांच्या भानगडीत पडू नको, ट्रबलमध्ये सापडू नको. नॅशव्हिलमध्ये त्याला अहिंसेचे धडे देणारा जेम्स लॉसन नुकताच आपल्या नागपूरहून परतला होता. १९५३ ते १९५६ अशी तीन वर्षं तो हिस्लॉप कॉलेजात होता, गांधीजींचा विचार अभ्यासत होता, आणि माँटगोमेरीतल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याने नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. १९६० च्या फेब्रुवारीत नॅशव्हिलच्या उपाहारगृहांतल्या गोऱ्यांसाठी राखलेल्या जागांवर विद्यार्थी जाऊन बसू लागले, त्यात लुइस होता. ७ मार्च १९६५ ला सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठीने त्याची कवटी फुटली. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ तो अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात होता आणि २०२० मध्ये जाईपर्यंत तरुणांना एकच सांगत राहिला: ट्रबल करा, चांगला ट्रबल, गरजेचा ट्रबल. आईवडिलांनी भीतीने दिलेला शब्द त्याने उलटा करून परत केला.

‘गुड ट्रबल’ला मराठी शब्द कोणता? चांगला त्रास म्हणता येत नाही, सत्कष्ट तर नाहीच. मी बरेच दिवस शोधत होते. मग महाडचं चवदार तळं आठवलं.

मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला होता, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं, पण तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसाने त्यात हात घातला नव्हता. पाणी निवळ होतं, कुणी ढवळत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मागोमाग सगळे प्यायले. त्यानंतर गावात आवई उठली की आता ही माणसं वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. मग गावातल्या सनातन्यांनी बाटलेलं तळं शुद्ध करायचं ठरवलं. तळ्यात पंचगव्य ओतलं, मंत्र म्हटले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात आंबेडकर पुन्हा महाडला आले, पण तळं खाजगी मालकीचं आहे असा दावा दाखल करून विरोधकांनी मनाई हुकूम आणला होता, म्हणून त्या वेळी ते पाण्यावर गेले नाहीत.

खटला महाडच्या कोर्टातून ठाण्याला आणि तिथून मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. चवदार तळं सगळ्यांचं, असा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. ओंजळ पाण्यात बुडाली त्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस बाकी होते.